कर्ता नसलेले वाक्य

आमच्या नगर जिल्ह्यात माणूस कंपनीत 'जातो', पण सरकारी नोकरीला 'लागतो'. ही क्रियापदे कोणी ठरवून वाटून दिलेली नाहीत, तरी त्यांची अदलाबदल होत नाही. 'तो एमआयडीसीत जातो' या वाक्यात रोज सकाळी जाणे आहे, रोज संध्याकाळी परतणे आहे, आणि उद्या कदाचित न जाणेही आहे. 'ती नोकरीला लागली' या वाक्यात मात्र एकदाच घडलेली, पुन्हा न उलटणारी घटना आहे. झाडाला फळ लागते, शेतात उसाची लागण होते, तशी मुलगी नोकरीला लागते. बोलणाऱ्याच्या मनात थोडा मत्सर असला की 'लागला'चे 'चिकटला' होते. खाजगी नोकरीत कोणी चिकटल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

मी सहा वर्षे 'जात' होते आणि गेली पंधरा वर्षे 'लागलेली' आहे. या स्थलांतराची चर्चा आपल्याकडे सहसा पगार, रजा आणि निवृत्तिवेतन यांच्या तक्त्यांनी संपते. ते तक्ते खरेच असतात आणि घर चालवणाऱ्याला त्यांची थट्टा करणे परवडत नाही. पण मराठी घेऊन एम. ए. झाल्यामुळे असेल, मला हा फरक आधी भाषेत जाणवला. नेमके सांगायचे तर वाक्यातल्या कर्त्याच्या जागी जाणवला. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी एक खुलासा. अनुदानित महाविद्यालयातील नोकरी ही काटेकोर अर्थाने सरकारी नव्हे. महाविद्यालय संस्थेचे असते, वेतन राज्याच्या तिजोरीतून येते आणि अभ्यासक्रम विद्यापीठाचा असतो. कागदोपत्री या अवस्थेला 'निमसरकारी' असा मोठा सोयीचा शब्द आहे. गावात मात्र 'निम' गळून पडते आणि 'सरकारी' तेवढे उरते. लोकांच्या लेखी प्रश्न एकच असतो : पगार कोणाच्या खिशातून येतो?

'खाजगी' या शब्दाचा इतिहासही आमच्या जिल्ह्याला जवळचा आहे. २०२४ साली ज्यांचे नाव या जिल्ह्याला देण्यात आले, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातील चौंडीचा. होळकरांच्या राज्यात 'दौलत' म्हणजे राज्याचा खजिना आणि 'खासगी' म्हणजे राजघराण्यातील स्त्रीच्या अखत्यारीतले स्वतंत्र उत्पन्न, अशी विभागणी होती. देशभरातील घाट, मंदिरे, धर्मशाळा, बारवा अहिल्याबाईंनी उभारल्या त्या दौलतीतून नव्हे, तर खासगीतून, असे इतिहासकार नोंदवतात. म्हणजे ज्या बांधकामांना आज आपण सार्वजनिक म्हणतो, ती खासगीच्या पैशांतून झाली. तेव्हा खाजगी म्हणजे स्वार्थी आणि सरकारी म्हणजे लोकहिताचे, किंवा याच्या उलट, अशी सोपी जोडी लावून या विषयाकडे पाहता येत नाही. खासगीतून दिलेले दान मोठे असू शकते. मात्र त्या दानाला दाता असतो. माझ्या दोन नोकऱ्यांमधला फरक मला याच ठिकाणी सापडला.

२००४ साली मी एम. ए. झाले. सेट परीक्षेच्या निकालाची आणि महाविद्यालयांच्या जाहिरातींची वाट पाहण्यापेक्षा काहीतरी करावे, म्हणून नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याच्या कार्यालयात रुजू झाले. मालाची आवक-जावक लिहिणे, चलने तयार करणे आणि महिनाअखेरीस हजेरीपत्रक जुळवणे हे माझे काम. पगार साडेतीन हजार रुपये. सात तारखेला मालक स्वतः केबिनमध्ये बोलावून पाकीट हातात देत आणि घरच्यांची चौकशी करत.

ते मालक चांगले होते, हे मुद्दाम लिहून ठेवते. खाजगी नोकरीविषयीच्या लेखनात मालक हा बहुधा खलपुरुष असतो. इथे तसे काही नव्हते. एका कामगाराच्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च त्यांनी केला होता आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. मला पुस्तके वाचायची सवय आहे हे कळल्यावर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाची जुनी खोली त्यांनी मला उघडून दिली. त्यांची वाक्ये आजही जशीच्या तशी आठवतात. 'मी बघतो.' 'मी देतो सुट्टी, जा तुम्ही.' 'या महिन्यात मी जमवतो, पुढच्या महिन्यात बघू.' प्रत्येक वाक्य कर्तरी, प्रत्येक वाक्याचा कर्ता प्रथमपुरुषी एकवचनी. वाक्य ऐकताना कर्ता समोर बसलेला असे, त्याचा चेहरा दिसत असे. कामात एक प्रकारची ऊबही त्यामुळे होती.

माझ्या शेजारच्या टेबलावरील मैत्रिणीला दिवस गेले, तेव्हा मालक म्हणाले, 'आता घरी आराम करा. बाळ मोठे झाले की या, जागा तुमचीच आहे.' हे त्यांनी मनापासून म्हटले होते. तिला साडी दिली, पेढे वाटले. वर्षभराने ती आली तेव्हा तिच्या जागेवर दुसरी मुलगी होती, तिलाही घरची अडचण होती आणि दोघींना ठेवणे कारखान्याला परवडणारे नव्हते. मालकांना वाईट वाटले, हे मी पाहिले. प्रसूती लाभ अधिनियम १९६१ पासून या देशात आहे आणि त्या काळीही बारा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद त्यात होती. पण त्या कार्यालयात त्या कायद्याचा उच्चार कोणी केला नाही. तो केला असता तर मालकांना तो आपल्या चांगुलपणाचा अपमान वाटला असता. आणि तिला, साडी घेतलेल्या हातांनी हे बोलणे, कृतघ्नपणाचे वाटले असते. मेहेरबानी चांगली असली की हक्क बोलणे अवघड होते, हे मी तिथे शिकले. वाक्याला चांगला कर्ता मिळाला की ऐकणाऱ्याच्या वाट्याला फक्त संप्रदान उरते.

२०१० साली मी सध्याच्या महाविद्यालयात रुजू झाले. त्या वेळी सहाव्या वेतन आयोगाची १५,६००–३९,१०० ही श्रेणी आणि वर सहा हजारांचा ग्रेड पे होता. साडेतीन हजारांवर सुरुवात केलेल्या घरात हे आकडे दोनदा वाचले गेले. पण माझे लक्ष नियुक्तिपत्राच्या भाषेवर होते. 'आपली नियुक्ती करण्यात येत आहे.' कोण करत आहे? वाक्य सांगत नाही. मग विद्यापीठाची मान्यता 'देण्यात आली', वेतननिश्चिती 'करण्यात आली', सेवापुस्तकात नोंद 'घेण्यात आली'. हे सगळे घेण्या-देण्यात येईपर्यंत सात महिने गेले आणि पहिला पगार आठव्या महिन्यात झाला. वरच्या एका कार्यालयात विचारायला गेले तर उत्तर मिळाले, 'प्रक्रियेत आहे.' या उत्तरालाही कर्ता नव्हता. सात तारखेच्या पाकिटाची आणि मालकांच्या केबिनची त्या दिवसांत फार आठवण येत असे.

'करण्यात येत आहे' ही रचना कर्मणी प्रयोगाच्या एखाद्या पोटप्रकारात बसवता येईल. तिच्यात 'शासनाकडून' असा शब्द जोडायला जागा आहे, पण बहुतेक वेळा तो जोडला जात नाही. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर राज्याच्या कारभाराची मराठी घडत गेली, तिचा हा कणा म्हणता येईल. साहित्याच्या वर्गात आपण या भाषेची टिंगल करतो. 'सदर', 'उपरोक्त', 'यथावकाश', 'उचित कार्यवाहीस्तव' हे शब्द फळ्यावर लिहिले की वर्ग हसतो. मीही हसवत असे.

२०१२ साली माझी मुलगी झाली. एकशे ऐंशी दिवसांच्या प्रसूती रजेचा अर्ज केला आणि चार ओळींचा आदेश आला : रजा मंजूर करण्यात येत आहे. त्या आदेशाबरोबर साडी नव्हती, पेढे नव्हते, 'आराम करा' असे म्हणणारे कोणी नव्हते. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. त्या कोरड्या वाक्यात कर्ता नव्हता म्हणूनच मी कोणाची ऋणी नव्हते. ज्यांनी सही केली त्यांना मी आवडत असेन किंवा नसेन. वाक्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. सहा महिन्यांनी मी परत आले तेव्हा माझी जागा जागेवर होती. ती कोणी माझ्यासाठी राखली नव्हती. ती माझीच होती.

त्यानंतर मी वर्गात 'बलुतं' शिकवू लागले तेव्हा ते पुस्तक मला वेगळे दिसले. दया पवार आमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातील धामणगावचे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाचे नावच मुळी वेतनाच्या एका पद्धतीचे नाव आहे. बलुते म्हणजे गावाने सेवेबद्दल धान्याच्या रूपात द्यायचा वाटा. आणि महारांच्या बाबतीत तो दारोदार जाऊन मागावा लागे. प्रत्येक दारात देणारा उभा असे, त्याला चेहरा असे, नाव असे, लहर असे. म्हणजे प्रत्येक घासाला कर्ता होता. महार वतन ही तर एका अर्थाने सरकारी चाकरीच होती, पण तिच्यात पगार नव्हता, वेळेची मर्यादा नव्हती आणि सुटकाही नव्हती. १८७४ च्या वतन कायद्यात बदल व्हावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. १९३९ च्या डिसेंबरात आमच्या जिल्ह्यातील हरेगावला वतनदारांची परिषद घेतली. आणि प्रत्यक्षात ही वतने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्याने. दया पवार पुढे मुंबईत रेल्वेच्या लेखापरीक्षण विभागात नोकरीला होते. बलुत्याच्या गावातून रेल्वेच्या पगारपत्रकापर्यंतचा हा प्रवास केवळ आर्थिक प्रगतीचा मानला तर त्यातला मुख्य भाग हातून निसटतो. महिन्याच्या शेवटी मिळणाऱ्या रकमेमागे कोणाचाही हात नसणे, कोणत्याही दारात उभे न राहता ती मिळणे, हे ज्यांच्या मागच्या पिढ्यांनी ओंजळ धरली त्यांना काय वाटत असेल, हे मला त्या चार ओळींच्या आदेशाने थोडेसे सांगितले. थोडेसेच, कारण माझ्या मागे साडी होती, ओंजळ नव्हती.

तेव्हापासून मी वर्गात 'करण्यात येत आहे'ची टिंगल थांबवली.

पण गोष्ट इथे संपत नाही. खाजगीतून सरकारीत जाणे म्हणजे सुटका, असा निष्कर्ष काढून मोकळे होता आले असते, जर माझ्या आजोळची आठवण मधे आली नसती. माझे आजोबा श्रीरामपूर तालुक्यात एका साखर कंपनीच्या ऊसमळ्यावर कामाला होते. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खाजगी कारखान्यांच्या मळ्यांची जमीन अतिरिक्त ठरली आणि १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे ती गेली. आजोबांनी अर्ज केला नाही, मुलाखत दिली नाही, गावही बदलले नाही. त्याच चाळीत राहून, त्याच पाटाच्या पाण्यावर, तोच ऊस राखत ते खाजगी नोकरीतून सार्वजनिक क्षेत्रात आले. वाड्या-मळ्यांवरील अशा हजारो माणसांचे हे स्थलांतर आपल्या साहित्यात फारसे आलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

आजोबा म्हणत, 'कंपनीचा साहेब घोड्यावरून यायचा, शिवी द्यायचा, पण पाणी वेळेवर सोडायचा. महामंडळाचा साहेब शिवी देत नाही.' वाक्य ते इथेच थांबवत. पुढचे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे असे. एकीकडे ज्यांनी कारखान्यांना खंडाने जमिनी दिल्या होत्या ते खंडकरी आपली जमीन परत मागत होते. ती मिळायला त्यांना अनेक दशके लढावे लागले. दुसरीकडे महामंडळाची शेती आक्रसत गेली, कामगार कमी होत गेले, आणि ज्या चाळींत लोकांचे जन्म झाले त्या घरांचे पुढे काय, हा प्रश्न उरला. मालक वाईट असेल तर त्याच्या दारात जाऊन ओरडता येते. महामंडळाचे दार कोणते? ज्या वाक्यात कर्ता नसतो त्या वाक्यात उपकार नसतो हे खरे; पण जबाबदारीही कोणाची नसते.

ही दुसरी बाजू मला माझ्याच स्टाफरूममध्ये रोज दिसते. 'कायम' हा शब्द घ्या. नोकरीत 'कायम होणे' म्हणजे आयुष्य मार्गी लागणे. २००१ च्या नोव्हेंबरात राज्याने हाच शब्द उचलून 'विनाअनुदानित'च्या आधी लावला, आणि पुढे निघणारी महाविद्यालये 'कायम विनाअनुदानित' झाली. नोकरी कायम नाही; अनुदान न मिळणे तेवढे कायम. शाळांच्या बाबतीत हा शब्द २००९ साली वगळण्यात आला. एका विशेषणासाठी माणसे वर्षानुवर्षे आंदोलने करतात, हे उदाहरण मी शब्दशक्ती शिकवताना देते. अभिधा आणि व्यंजना यांतला फरक विद्यार्थ्यांना त्याने चटकन कळतो, कारण त्यांच्या घरात कोणीतरी असा शिक्षक असतोच.

अनुदानित महाविद्यालयातही सगळे 'लागलेले' नसतात. रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी आमच्याबरोबर तेच वर्ग घेतात, त्याच उत्तरपत्रिका तपासतात. त्यांची नियुक्तीही 'करण्यात येते', दरवर्षी नव्याने. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती होत नाही, म्हणून पगारही होत नाही. मानधनाची बिले 'पाठवण्यात येतात', 'तपासण्यात येतात', 'मंजुरीच्या प्रक्रियेत असतात'. सेट झालेले, पीएच.डी. झालेले, चाळिशीला पोचलेले हे लोक आहेत. माझ्या रजेच्या आदेशात जे वाक्य मला मोकळे करून गेले, तेच वाक्य त्यांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवते. व्याकरण एकच आहे. फरक इतकाच की मी त्या वाक्याच्या आत आहे आणि ते उंबऱ्यावर.

आत असणाऱ्यांमध्येही उंबरे आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, म्हणून मलाही नाही. २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला तो याच मागणीसाठी. त्या दिवसांत कारखान्यातील एक जुनी ओळखीची बाई बाजारात भेटली आणि म्हणाली, 'तुम्हाला पेन्शन पाहिजे म्हणून तुम्ही संप करता. आम्ही कोणासमोर करायचा?' तिचा प्रश्न टोमणा नव्हता. संप करायलासुद्धा समोर कोणीतरी लागते, आणि ती आता एका कंत्राटदाराकडे होती. कंपनी कोणाची हे तिला माहीत होते, पण आपण कंपनीचे आहोत की नाही हे माहीत नव्हते. म्हणजे खाजगी क्षेत्रही आता कर्ता लपवायला शिकले आहे. 'मी बघतो' म्हणणारा मालक तिथेही दिसेनासा झाला.

माझ्या वर्गातील निम्मी मुले पहाटे पोलीस भरतीसाठी धावून येतात आणि उरलेली स्पर्धा परीक्षेची पुस्तके 'मराठी वाङ्मयाचा इतिहास'खाली ठेवून वाचतात. भालचंद्र नेमाड्यांच्या 'बिढार'वर बोलत असताना एका मुलाने विचारले, 'मॅडम, हा चांगदेव कुठेच टिकून का राहत नाही? एवढी प्राध्यापकाची नोकरी!' नेमाडे स्वतः काही काळ नगरला शिकवत होते, असे मी सांगितले. पण त्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. ज्याच्या आईवडिलांनी दर दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बिऱ्हाड पाठीवर घेतले, त्याला बिऱ्हाड पाठीवर असण्यातली मोकळीक मी कोणत्या तोंडाने समजावणार? त्याला लागायचे आहे, कायमचे. त्याने लागावे असे मलाही वाटते. फक्त लागल्यावर आपण कोणत्या वाक्यात जाऊन बसणार आहोत, हे त्याने ओळखावे, एवढे मी त्याला मराठीची शिक्षक म्हणून सांगू शकते.

गेल्या तीन वर्षांपासून विभागप्रमुख म्हणून तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांच्या बिलांवर सही करण्याचे काम माझ्याकडे आहे. बिलाखालचा छापील मजकूर असा : 'प्रमाणित करण्यात येते की, सदर अध्यापकांनी उपरोक्त तासिका घेतलेल्या आहेत.' त्यातील क्रियापद खोडून मी 'मी प्रमाणित करते' असे लिहू लागले आणि खाली सहीबरोबर बिल पुढे दिल्याची तारीख घालू लागले. हेडक्लार्क म्हणाले, 'मॅडम, नमुन्यात असे नाही.' पण बिल परत आले नाही. पैसेही काही लवकर आले नाहीत, हे सांगितले पाहिजे. एवढेच झाले की बिल कुठे अडले आहे हे विचारायला ते सहकारी आता माझ्याकडे येतात, आणि 'प्रक्रियेत आहे' असे मला त्यांना सांगता येत नाही. मला फोन उचलून विचारावे लागते.